घरचं उदाहरण

आमच्या मेळाव्यात एक रीत आहे. बोलायला कुणीही उभं राहिलं की पहिली स्लाइड घरची हवी. स्वयंपाकघरातली असो, जिन्यातली असो, नवरा-बायकोच्या भांडणातली असो, पण घरची. ही रीत आजोबांनी घातली. आजोबा म्हणजे कुणाचेच सख्खे आजोबा नव्हेत. हा मेळावा त्यांनी सुरू केला आणि केस पिकेपर्यंत सोडला नाही, म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की तर्कशास्त्राची माणसं बघता बघता हवेत जातात, तेव्हा सुरुवातीला तरी त्यांचे पाय जमिनीला लागलेले दिसू देत.

आमचं तर्कशास्त्रही जरा वाकड्या वाटेचं आहे. सरळ वाटेच्या तर्कशास्त्रात एखादी गोष्ट खरी असते नाहीतर खोटी, मधलं तळ्यात-मळ्यात चालत नाही. आणि एकच गोष्ट खरीही निघाली आणि खोटीही, तर सगळा डोलाराच कोसळतो. त्या एका विरोधातून मग वाटेल ते सिद्ध करता येतं, अगदी शेजारच्या काकू पोलीस आयुक्त आहेत हेसुद्धा. आम्ही मंडळी या कोसळण्यावर उपाय शोधतो. दोन उलट गोष्टी एकाच संगणकात शिरल्या तरी बाकीचं काम बिनबोभाट कसं चालू राहील, हा आमचा धंदा. इस्पितळातल्या नोंदी, साक्षीदारांचे जबाब, जिथे माणसं एकमेकांविरुद्ध बोलतात तिथे आमची गरज लागते. म्हणजे सगळीकडेच लागते, पण बोलावतात फार थोडे.

माझं घरचं उदाहरण मात्र गाजलं होतं. 'गोळीचं उदाहरण' म्हणायचे त्याला. क म्हणतो, आईला सकाळची गोळी दिली नाही. ख म्हणते, दिली. क आणि ख एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात, विजेचं बिल वेळेवर भरतात. विरोध आहे, पण घर चालू आहे. हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं होतं की लोक विजेच्या बिलाच्या आधीच हसायला लागायचे, आणि मीही त्यांच्या हसण्यासाठी तिथे थांबायला शिकले होते.

क म्हणजे माझा दादा. ख म्हणजे माझी वहिनी. आणि आई म्हणजे आमची आई. ती त्याच संध्याकाळी गेली. हा भाग मी कधी स्लाइडवर घेतला नाही, कारण मरण आलं की लोक हसत नाहीत.

इस्पितळाच्या बाकावर दादा एकदाच बोलला होता. "हिने गोळी दिली नाही. आई स्वतः म्हणाली मला." वहिनीही एकदाच बोलली. "मी दिली. माझ्या हाताने दिली." डॉक्टर म्हणाले, गोळीने काही फरक पडला असता की नसता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. मीही मिठाची गुळणी धरून बसले. त्याला मी दोघांचं मन राखणं म्हणत होते.

वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. आई गेल्यापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा विचारते, गोळी कधी घ्यायची ते नीट समजलं ना. दुकानाचे मालक त्यावरून तिची थट्टा करतात. ती हसते आणि पुढच्या माणसालाही दोनदाच विचारते.

यंदाचा मेळावा दादाच्या गावात आला. मी हॉटेलात न राहता त्याच्याकडेच उतरले. वहिनीने मला आईची खोली दिली, पांघरुणाला उन्हाचा वास होता. शेवटच्या दिवशी मेळाव्यात घरच्यांनाही येऊ देतात, हे मी बोलण्याच्या ओघात बोलून गेले आणि जीभ चावली.

"मग मी येते," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तू काय करतेस ते मला धड सांगता येत नाही. दुकानात कुणी विचारलं तर मी आपली म्हणते, गणितातलं काहीतरी."

"तुला कंटाळा येईल गं."

"येऊ दे की. झोप आली तर कोपराने ढोस."

दादा हसला. "हिला ने तू. मला कचेरीतून सुट्टी नाही, नाहीतर मीच आलो असतो."

त्या सकाळी वहिनी आंघोळीला गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि गोळीची स्लाइड काढून टाकली. तिच्या जागी छत्री घातली. नवरा म्हणतो छत्री गाडीत आहे, बायको म्हणते घरात. मला नवरा नाही, पण छत्रीच्या उदाहरणाला नवरा लागतोच. उदाहरण पांचट होतं, पण कुणाला लागणारं नव्हतं. न्हाणीघरात नळ बंद झाला तशी मी लॅपटॉप मिटला. चोरी करताना ऐकू येतं तितकं स्पष्ट एरवी कधी ऐकू येत नाही.

हॉलच्या दारात वहिनीला पाहुण्यांचा बिल्ला मिळाला. तिने तो गळ्यात घातला, सरळ केला आणि परत सरळ केला. दुकानात न घालता राखून ठेवलेल्या चांगल्या चपला तिने घातल्या होत्या. आजोबांशी ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "वा, म्हणजे आज आमच्यात एक शहाणं माणूस आहे." वहिनी इतकी खूश झाली की मला बरं वाटलं. सगळं सुरळीत होईल असं वाटलं. माझं भाषण चहानंतर होतं. त्याआधी एकच भाषण होतं, आभारीचं.

आभारी हे त्याचं नाव नव्हे. तरुण संशोधक, हुशार, मनाने साफ, आणि कुणाचं ऋण म्हणून ठेवायचा नाही. त्याला वाटेत कुणी सूत्रातला एक कंस सुचवला तरी तो स्लाइडवर त्याचे आभार मानायचा. आमच्या धंद्यात दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून खपवणारे कमी नाहीत, त्यामुळे आभारीचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. मीच एकदा माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, श्रेय द्यायला त्याच्याकडून शिका.

तो व्यासपीठावर गेला, माईक ठोकून बघितला आणि म्हणाला, "घरचं उदाहरण दाखवायची इथली रीत आहे. पण माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून मी उसनं आणलंय. मूळ उदाहरण ज्यांचं आहे त्या समोरच बसल्यात." आणि त्याने हात करून मला दाखवलं. "आधी त्यांच्यासाठी टाळ्या."

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात वहिनीने वाजवल्या. माझ्याकडे वळून वाजवल्या, डोळे भरून आले होते तिचे. उठावं, काहीतरी ओरडावं, प्रोजेक्टरची तार ओढावी, असं मनात आलं, आणि मी मान लववून टाळ्या स्वीकारल्या.

मग स्लाइड आली. आभारीने चित्र काढून घेतलं होतं. पलंगावर म्हातारी सासू, उशाशी पाण्याचा पेला. शेजारी सून उभी, हात पाठीमागे, मुठीत गोळी, आणि ओठांवर असं हसू की काय ते समजावं. बाजूला मुलगा, बोट रोखलेलं. खाली लिहिलं होतं, क: दिली नाही. ख: दिली.

हॉल हसला. आभारी बोलत राहिला. विजेचं बिल आलं, लोक पुन्हा हसले. "जुन्या तर्काने बघाल तर यातून काहीही सिद्ध होतं," तो म्हणाला, "ख म्हणजे विष घालणारी आहे हेसुद्धा. आपल्या तर्काने ख नुसती ख राहते." हे मी कधीच म्हटलं नव्हतं. पण जे म्हटलं होतं त्यापासून ते फार लांबही नव्हतं.

वहिनीचे हात अजून टाळ्यांच्या जागी, एकमेकांवर होते. ती चित्राकडे बघत होती. तिला कळायला वेळ लागेल, अशी माझी आशा होती. इतकी नीच आशा मी याआधी कधी केलेली आठवत नाही. तिला वेळ लागला नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागली. भाषण संपेपर्यंत ती ताठ बसून राहिली, वर्गात शिक्षा झालेलं मूल बसतं तशी.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा आजोबांनी हात वर केला. "बाळा, एक साधी शंका. तिने गोळी दिली, पण आईने ती घेतलीच नाही, असं झालं असेल तर? मग दिली म्हणणारीही खरी आणि मुलाची समजूतही समजण्यासारखी. विरोध उरतो कुठे?"

आभारी कपाळावर हात मारून म्हणाला, "मग माझा पेपरच गेला, आजोबा!" पुन्हा हशा. आजोबाही हसले. त्यांच्यासाठी तो चहाआधीचा एक प्रश्न होता.

मी हसले नाही. आमची आई गोळ्या टाकायची. जिभेखाली धरायची, आमची पाठ वळली की खिडकीतून बाहेर. लहानपणी मी आणि दादा म्हणायचो, खिडकीखालच्या झाडाला कधी ताप येणार नाही. तिला विचारलं की ती डोळ्यांत डोळे घालून सांगायची, मला दिलीच कुठे कुणी. हे दादाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मला हे कधी सुचलंच नाही, असं म्हणायचा मोह होतोय. पण सुचलं होतं. ते पुढे येऊ दिलं तर आई खोटं बोलली असं म्हणावं लागलं असतं, गेलेल्या आईबद्दल, शेवटच्या दिवशी. आणि माझं उदाहरणही गेलं असतं. म्हणून आम्ही दोघा भावंडांनी आई जपली, मी माझी स्लाइड जपली, आणि या सगळ्याच्या बदल्यात वहिनीला ख करून ठेवलं.

चहाच्या टेबलापाशी मी तिला गाठलं. तिच्या हातात कप होता, पीत नव्हती. मी "वहिनी" एवढंच म्हणाले असेन, तोच आभारी घाम पुसत आला.

"रागावला नाहीत ना? चित्र जरा भडक झालं, पण लोकांना आवडलं." मग तो वहिनीकडे वळून अदबीने म्हणाला, "आपण? आपणही तर्कशास्त्रातल्या का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "मी ख."

तो आधी हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "मला... मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं उदाहरण आहे." खरंच त्याला माहीत नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता, तरी तोच मान खाली घालून कप शोधत निघून गेला.

"किती ठिकाणी सांगितलंस हे?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, नाव कुठेच नव्हतं घेतलं."

"ते दिसलं मला. किती ठिकाणी?"

मला आकडा सांगता आला नाही. आठवतच नव्हता इतक्या ठिकाणी.

"तू कधी विचारलं नाहीस मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवसानंतर एकदाही नाही. यांनी नजर टाळली, तुझ्या मावशीने टाळली. तू मात्र फोन करत राहिलीस, येत राहिलीस, माझ्या हातचं जेवत राहिलीस. मला वाटायचं, ही विचारत नाही म्हणजे हिचा माझ्यावर विश्वास आहे. एकीचा तरी आहे."

आतून घोषणा झाली. माझं नाव पुकारलं गेलं.

"जा तू," वहिनी म्हणाली. "तुझी वेळ झाली."

आणि मी गेले. व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा पडद्यावर छत्री आली. समोर वहिनीची खुर्ची रिकामी होती.

मी म्हणाले, "छत्रीआधी एक दुरुस्ती. गोळीचं उदाहरण चुकीचं आहे. कृपा करून ते यापुढे कुणी वापरू नका. ख ने गोळी दिली होती."

कुणीतरी मागून विचारलं, "पुरावा?" विचारणारा चांगल्या मनानेच विचारत होता, आमच्यात तसं विचारतात.

"क आणि मी भावंडं आहोत," मी म्हणाले. "आमची आई गोळ्या टाकून द्यायची. आम्हा दोघांना ते माहीत होतं. त्या संध्याकाळी ती वारली. आणि ख माझी वहिनी आहे. मघाशी ती इथे बसली होती."

आजोबांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. जे लोक विजेच्या बिलावर वर्षानुवर्षं माझ्यासोबत हसले होते ते पायांकडे बघत होते, आणि मला कळत होतं की त्यांना वाटतेय ती लाज माझी आहे, त्यांच्यावर मी लादलेली.

त्या क्षणी खाली उतरून बाहेर धावणारी माणसं असतात. मी छत्रीची स्लाइड पुढे सरकवली, भाषण ठरल्या वेळेत संपवलं आणि दोन-चार प्रश्नांची उत्तरंही दिली.

वहिनी बाहेर वाहनतळाजवळच्या बाकावर बसली होती. बिल्ला गळ्यातून काढून त्याची दोरी बोटांभोवती गुंडाळत होती. माझी मोठी पिशवी तिने आठवणीने बरोबर आणली होती, मांडीवर धरली होती.

"वहिनी, मी आत सांगितलं," मी धापा टाकत म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगितलं. तू गोळी दिली होतीस म्हणून. आईनेच घेतली नसणार. तिला सवयच होती टाकून द्यायची."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. आख्ख्या हॉलला."

"त्यांना काय करायचंय त्याचं?" मग तिची बोटं थांबली. "सवय होती म्हणजे?"

मी सांगितलं. जीभ, खिडकी, झाड. लहानपणचं हसणं सांगितलं नाही.

"तुला माहीत होतं हे?"

"हो."

"आणि यांना?"

"दादालाही."

समोर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती त्या गाडीकडे बघत राहिली.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी रोज ती सकाळ आठवते. पेला भरला, पाकीट फाडलं, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. रोज आठवून आठवून ते इतकं झिजलंय की मलाच आता वाटायला लागलंय, नसेल दिली मी. एवढं एक वाक्य, आणि तुम्हा दोघांच्याही तोंडातून नाही निघालं."

मी माफ कर म्हणाले, आणि तो शब्द इतका तोकडा वाटला की पुन्हा म्हणवला नाही.

तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने काढून बघितला. दादा होता. तिने फोन उचलला नाही, माझ्यापुढे धरला.

"बोल," ती म्हणाली. "त्यांना सांग. मला नको सांगूस, त्या हॉललाही नको. त्यांना सांग."

मी फोन घेतला आणि मी बोलतेय म्हणून सांगितलं.

"काय गं, झालं का भाषण? मी मघाशीच आलो घरी." दादाचा आवाज खुशीत होता. "तुझी वहिनी झोपली की नाही मध्येच?"

"दादा," मी म्हणाले.

"बोल ना."

वहिनी माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मागितल्यासारखं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मघाशी अनोळखी लोकांसमोर ते सहज आलं होतं. पण इकडे दादा होता, आणि दादाच्या मागे आई होती, आणि आईला खोटं म्हणायचं होतं, तेही त्याला ऐकू जाईल असं.

"ऐकू येतंय ना?" दादा म्हणाला. "कसं झालं?"

"छान झालं," मी म्हणाले.

वहिनीने हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, उठली, माझी पिशवी खांद्याला अडकवली.

"हो, मीच," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. दादाने काहीतरी विचारलं असावं. "नाही हो, झोपले कुठे. कळलं की. सगळं कळलं. निघतोय आम्ही. दुधाखालचा गॅस बंद केलात का तेवढं बघा."

मी पिशवीला हात लावला, तिने ती दिली नाही. मग मी तिच्या मागून चालू लागले.